वरातीच्या गाडीचा पिकअप

दिवाळी अंकासाठी लेख मागायला जे गृहस्थ माझ्याकडे आले, त्यांना माझ्याकडून ग्रीस, घाम आणि गरिबी हवी होती. मी म्हटलं, ग्रीस साबणानं जातं, घाम सगळ्यांनाच येतो आणि गरिबीवर लिहिणारे तुमच्याकडे पुष्कळ आहेत. मी लिहीन तर इंजिनावर लिहीन. ते म्हणाले, "वाचकांना कळणार नाही हो." का कळणार नाही? कोल्हापुरात शाहूपुरीच्या कोपऱ्यावर माझं गॅरेज होतं. तिथं येणाऱ्या अडाण्यातल्या अडाणी माणसाला मी इंजिन समजावून सांगितलंय, आणि ज्यांना सगळं येतं असं वाटायचं त्यांनाही सांगितलंय. दुसरं काम जास्त अवघड होतं. तेव्हा वाचकांनी घाबरू नये.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची असायची. राजारामपुरीतले एक डॉक्टर होते. पेशंटला बसायच्या आत उठवायचे, पण गाडीत कुठं खुट्ट वाजलं की माझ्याकडे येऊन तासभर बसायचे आणि तो आवाज तोंडानं काढून दाखवायचे. एक गुळाचे व्यापारी होते, त्यांना गाडीचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे गेलेला हवा होता. मी सायलेन्सर काढून दिला. दुसऱ्या दिवशी सासुरवाडीला गेले, तिथं म्हशी दावं तोडून पळाल्या, आणि सायलेन्सर परत बसवायला आले. आमच्या गावाचा हाच स्वभाव. जे काही करायचं ते मोठं, जाड आणि ऐकू येईल असं. जेवणात रस्सा असो की गाडीत इंजिन, कमी काही चालत नाही. हा स्वभाव माझाही आहे, त्याची मला लाज नाही. पण एकदा मला त्या स्वभावाच्या उलट जाऊन काम करावं लागलं, त्याची ही हकीकत आहे.

त्यासाठी आधी माझ्या उस्तादांबद्दल सांगितलं पाहिजे. त्यांना सगळं गाव तात्या मिस्त्री म्हणायचं. मी मिसरूड फुटायच्या आत त्यांच्या हाताखाली गेलो. माझे वडील पिंजारी. आमच्या घरात कोणी लोखंडाला हात लावला नव्हता. तात्यांनी मला पाना कसा धरायचा इथपासून शिकवलं, आणि रमजानच्या महिन्यात संध्याकाळी स्वतः खजूर आणून माझ्या हातावर ठेवला. त्यांच्या इतका चांगला मिस्त्री मी पाहिला नाही, हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगतो. आणि त्यांच्या इतका हट्टी माणूसही पाहिला नाही.

आमच्या धंद्यात तेव्हा एक रीत होती. मिस्त्रीनं इंजिन बांधलं की वरच्या नटांवर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. तात्यांचा शेंदरी, माझा हिरवा. नट फिरवला की रंग तडकतो, म्हणजे कोणी हात घातला ते लगेच कळतं. दुसऱ्याचा रंग असलेलं इंजिन त्याला विचारल्याशिवाय उघडायचं नाही. गिऱ्हाईक कितीही रडलं तरी नाही. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती, पण ती मोडणाऱ्याला कोणी स्पेअर पार्ट उसना देत नसे आणि चहाला बोलवत नसे.

एका सकाळी कोडोलीच्या यशोदाआक्का आपल्या मोटारीतनं माझ्या गॅरेजात आल्या. नऊवारी, कपाळ मोकळं, हातात पिशवी, आणि आवाज असा की शेजारचा वेल्डिंगवाला काम थांबवून बघायला लागला. त्यांच्या यजमानांना मी ओळखत होतो. वेडा माणूस. कुठल्याशा संस्थानिकाची शिकारीची उघडी अमेरिकन गाडी त्यांनी लिलावात घेतली होती. सहा सिलिंडर, पुढं हे लांबलचक बॉनेट, बाजूला उभं राहायला रुंद पायऱ्या. त्यांना वेगाचं वेड. तात्यांनी त्या गाडीचं इंजिन त्यांच्यासाठी नव्यानं बांधलं आणि ती गाडी पुण्याच्या रस्त्यावर अशी पळायची की लोक नाव काढायचे. पुढं यजमान तापानं गेले. आक्कांनी गाडी विकली नाही. धुऊन, पुसून लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायला लागल्या. नवरा-नवरी मागं उंच बसणार, चारी बाजूंनी दिसणार, अशी दुसरी गाडी पन्हाळ्याच्या आजूबाजूला नव्हती. त्या भाड्यावर आक्का आणि त्यांच्या दोन मुली जगत होत्या.

"मिस्त्री, गाडी वरातीत बंद पडती," आक्का म्हणाल्या. "पळवली की वाऱ्यागत जातीया. पर बँडच्या मागनं चालवाय लागलं की ठेचा खातीया आनि मरतीया. मागल्या बारीला पाटलाच्या थोरल्याच्या वरातीत देवळाम्होरं बंद पडली. लेझीमवाल्यांनी ढकलली. नवरीची आई रडाय लागली, म्हनं, अपशकुन झाला."

"तात्यांना दाखवली?"

"दावली की. ते म्हनत्यात, गाडीत काय बी दोष न्हाय, डायव्हर बदला. म्या डायव्हर बदलला. आता नवा डायव्हर बी रडतोय."

दोष नव्हताच, हे खरं. इथं वाचकांना थोडं समजावून सांगतो. पिकअप हा शब्द सगळे वापरतात, पण पिकअप दोन जातीचा असतो. एक वरचा. गाडी आधीच पळतीय, आणखी दाबली की झेप घेते. दुसरा खालचा, बुडातला. गाडी थांबली आहे किंवा मुंगीच्या पावलानं चालली आहे, इंजिन हळू फिरतंय, आणि तेवढ्यात ओढ पाहिजे. तात्यांनी त्या गाडीचा वरचा पिकअप वाढवला होता आणि त्यासाठी खालचा सगळा खर्च केला होता. एका लहान कार्बोरेटरच्या जागी दोन मोठे. इंजिनाच्या मागं जे जड चाक फिरत असतं, फ्लायव्हील, ते लेथवर कातून हलकं केलेलं. आणि कॅम. कॅम म्हणजे इंजिनाच्या पोटातला तो दांडा, ज्याच्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटू देतात. तात्यांनी ते उंचवटे स्वतःच्या हातानं घासून असे केले होते की व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहावेत. इंजिन जोरात फिरत असेल तर त्यानं भरपूर हवा आत जाते. हळू फिरत असेल तर आलेली हवा परत बाहेर फुंकली जाते आणि इंजिन शिंकून बंद पडतं.

मी तात्यांकडे गेलो. त्यांच्या दारात उभं राहून रीतसर विचारलं. तात्या एका ट्रकच्या खाली होते, तिथूनच बोलले.

"कशापायी उघडायचं?"

"आक्कांना वरातीसाठी पाहिजे तात्या. खाली दम न्हाय."

ते बाहेर आले. हात पुसले. "शौक्या, ते इंजिन मी पळायसाठी बांधलंय. पैलवानाला पाळणा हलवाय बसवतासा व्हय?"

"घरात पोर असलं तर पैलवानानं बी हलवाय पायजे की, तात्या."

तात्या हसले नाहीत. "माझ्या रंगाला हात लावायचा न्हाय," म्हणाले आणि परत ट्रकखाली गेले.

मी गॅरेजात आलो. आक्का बाकावर बसूनच होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. मग त्यांनी जी गोष्ट सांगायची ठेवली होती ती सांगितली. त्यांच्या धाकट्या दिराला, रंगरावला, ती गाडी हवी होती. मोडून इंजिन विहिरीवर बसवायचं आणि बाकीचं भंगारात द्यायचं असा त्याचा बेत. पाटलाच्या अंगणात चार माणसांसमोर तो म्हणाला होता, बाईच्या हातात मोटार शोभत नाही. आक्का त्याला म्हणाल्या होत्या, पाटलाच्या धाकट्याची वरात आणि दुसऱ्या दिवशीचं जोतिबाचं दर्शन मी ह्याच गाडीतनं करून दाखवते. वाटेत एकदा जरी ढकलावी लागली, तर तिथंच किल्ली तुझ्या हातात देते.

"पाटलांनी गाडी घ्यायचं कबूल केलं?" मी विचारलं.

"पाटलीनबाईनं केलं. ती म्हनली, अपशकुन झाला तर त्यो ह्याच गाडीनं फेडाय पायजे."

मला राग आला. रंगरावचा आला, तात्यांचा आला, आणि सगळ्या त्या रीतीचाच आला. इंजिन आक्कांचं, पोट आक्कांचं, आणि नटावरचा ठिपका तेवढा आमचा? मी पाना घेतला आणि आक्कांच्या देखत पहिला नट फिरवला. शेंदरी रंग तडकला. तो आवाज फार बारीक असतो, पण समोरच्या हॉटेलात बसलेल्या सगळ्या मिस्त्रींना ऐकू गेला असावा, कारण दुपारपर्यंत गावभर झालं.

आधी दोन मोठे कार्बोरेटर काढले आणि लहान गाडीचा एकच छोटा बसवला. हे बघायला लोक यायचे आणि हसायचे. "हत्तीला कोंबडीचं नरडं बसवलंय," एक जण म्हणाला आणि ते गावात पसरलं. खुद्द आक्काही बिचकल्या. एवढ्या मोठ्या इंजिनाला एवढंसं? मी समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "थांबा मिस्त्री. चुलीला फुकनी बारीक असती. ल्हान भोकातनं फुकलं तर जाळ धरतोय, मोठ्या नळीनं फुकलं तर राख उडती. तसंच न्हवं?" तसंच. मी इतकी वर्षं लोकांना हे सांगत होतो आणि मला फुंकणी सुचली नव्हती. त्यानंतर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला फुंकणीच सांगितली, आक्कांचं नाव घेऊन.

मग फ्लायव्हील. कातून काढलेलं वजन परत घालायचं, म्हणजे बाहेरून लोखंडाचं जाड कडं चढवायचं. उद्यमनगरात माझ्या ओळखीचे लेथवाले खंडीभर, पण एकानंही कडं कातून दिलं नाही. "मशीन बंद हाय," एक म्हणाला, आणि त्याचं मशीन त्याच्या मागं फिरत होतं. तात्यांचा शब्द सगळीकडे पोहोचला होता. ठीक आहे म्हटलं. इचलकरंजीला गेलो. तिथं मागाचे पार्ट करणारा एक लेथवाला होता, त्याला कोल्हापूरचे तात्या माहीत नव्हते आणि माहीत करून घ्यायची हौसही नव्हती. त्यानं कडं मला पाहिजे तसं, भोकाला केसभर लहान, कातून दिलं. ते चढवलं कोडोलीच्या लोहारानं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात तसं. शेणीच्या जाळात कडं लाल केलं, तापून ते फुगलं, फ्लायव्हीलवर बसवलं आणि पाणी ओतलं. गार होताना त्यानं अशी मिठी मारली की पुन्हा सुटायचं नाव नाही. तरी मी वरून पिना मारल्या. नंतर दोन पात्यांवर ठेवून हळूहळू फिरवत, जड बाजू कुठली ते बघत, तिथं छिद्रं पाडत तोल साधला. मोटारीचं काम बैलगाडीच्या लोहाराकडून करून घेतलं म्हणून मला नावं ठेवणारे पुष्कळ होते. त्या लोहाराचं काम बघायला त्यांच्यातला एकही आला नाही.

कॅमला मात्र मी हात लावला नाही. का, तर तो तात्यांनी घासलेला होता. बाकीचं कोणीही करू शकलं असतं, पण तो कॅम म्हणजे तात्या होते. कानस फिरवताना मी शेजारी उभा राहून ते बघितलं होतं. मला वाटलं, कार्बोरेटर आणि फ्लायव्हीलवर भागेल. रंग मोडला, पण उस्तादांची आब राहील.

नाही भागलं. जोतिबाच्या डोंगरावर चाचणी घेतली. आक्का, त्यांच्या मुली, भावकीतल्या बायका, सगळ्यांना गाडीत भरलं, कारण वजन पाहिजे. सपाटीला गाडी झकास चालली. बायका गाणी म्हणायला लागल्या. चढावरच्या वळणावर मी ड्रायव्हरला मुद्दाम थांबायला सांगितलं आणि मग हळूच उचल म्हटलं. इंजिन दोनदा शिंकलं, गाडी थरथरली आणि बंद पडली. मागं सरकायला लागली. मी उडी मारून चाकाखाली दगड घातला. बायका उतरल्या, पदर खोचला आणि ढकलायला लागल्या. आक्का गाडीच्या मागं, दोन्ही हात लावून, मान खाली घालून ढकलत होत्या. बँड नव्हता, रंगराव नव्हता, म्हणून किल्ली अजून त्यांच्याकडे होती इतकंच.

वर सपाटीला पोहोचल्यावर आक्का माझ्याजवळ आल्या. "काय ऱ्हायलंय?"

"कॅम."

"का ऱ्हायलाय?"

"तात्यांचा हाय."

आक्कांनी तोंडावरचा घाम पुसला. "मिस्त्री, माझ्या धन्यानं ही गाडी वेगासाठी केली. म्या पोटासाठी केली. धन्याचं मन मोडून केली. तुमाला तुमच्या उस्तादाचं मन मोडवंना व्हय?"

मी ड्रायव्हरला म्हटलं, गाडी परत गॅरेजात घे.

आता जुना, न घासलेला कॅम कुठून आणायचा? पेट्रोल महागल्यावर असल्या गाड्या लोकांनी मातीमोल विकल्या होत्या आणि त्यांची इंजिनं कुठं विहिरीवर, कुठं गिरणीत गेली होती. शोधता शोधता कळलं, बिद्रीच्या बाजूला एका गुऱ्हाळावर, उसाचा चरखा फिरवायला अगदी तसंच इंजिन आहे. मी निघालो. वाटेत तात्यांचं गॅरेज लागतं. दार उघडं होतं, तात्या आत दिसले. मी सायकलवर होतो. थांबलो नाही.

गुऱ्हाळाचे मालक बापूसाहेब म्हणजे गोड माणूस, पण हंगाम चालू. "पावणं, इंजिनाचं पोट फाडून दांडा काढून नेतासा, मग माझा ऊस काय तुमी चावणार व्हय?" मी म्हटलं, दांडा नुसता नेत नाही, बदली दुसरा घालून देतो. आणि खरंच, विचार करा. चरख्याला थांबणं, उचलणं, बँडच्या मागं चालणं काही नसतं. एकदा सुरू केलं की एका वेगात दिवसभर फिरायचं. ज्या इंजिनाला फक्त जोरात फिरायचंय, त्याला तात्यांचा कॅम म्हणजे मेजवानी. दुसऱ्या दिवशी आक्कांच्या गाडीतला तात्यांचा कॅम काढून नेला आणि तिथं बसवला, गुऱ्हाळाचा जुना काढून घेतला. बापूसाहेबांनी इंजिन सुरू केलं, वेग वाढवला. चरखा असा फिरला की ऊस घालणारा गडी मागं सरला. बापूसाहेब खूश. मला काहिलीतला गरम गूळ खायला दिला. मी तो पानात बांधून घेतला, तिथं खाल्ला नाही. संस्थानिकाच्या गाडीतला, पुण्याचा रस्ता मारलेला कॅम मी उसाच्या चरख्याला लावून आलो होतो, आणि हे तात्यांच्या कानावर जाणारच होतं. जाऊ दे म्हटलं. जाणारच असेल तर लपवून कशाला? मी स्वतःच हॉटेलात बसून चारचौघांना सांगितलं.

पाटलाच्या धाकट्याची वरात दिवस मावळायच्या आत निघाली. पुढं हलगी, मग बँड, मग लेझीम, मग गाडी. मी पायरीच्या शेजारून चालत होतो. कोडोलीची ती गल्ली देवळाकडे चढत जाते, आणि नाचणाऱ्यांना नाचायला नेमका तोच चढ आवडतो. दोन पावलं पुढं, पुन्हा थांब. गाडीवर गुलाल, पायऱ्यांवर दोन्हीकडे लोंबकळणारे मित्र, बॉनेटवर चढून बसलेला कोणी मामा. इंजिन इतकं हळू फिरत होतं की एकेक ठोका मोजता आला असता. पण त्या जड कड्यानं ठोक्यामागून ठोका ओढून नेला. देवळासमोर, जिथं थोरल्याच्या वेळी बंद पडली होती, तिथं बँडवाल्यानं मुद्दाम लांबवलं. पाटलीणबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. गाडी उभी राहिली, धडधडत राहिली आणि हलगी पुढं सरकली तशी तीही पुढं सरकली.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी जोतिबावर. नवरा-नवरी, पाटील, पाटलीणबाई, आक्का, आणि मागच्या बाकावर रंगराव. किल्ली हातात घ्यायला स्वतः आला होता. मी पुढं ड्रायव्हरच्या शेजारी. चढ लागला. चाचणीच्या वेळी जिथं गाडी मेली होती तेच वळण आलं, आणि वरून एसटी उतरत आली. आम्हाला थांबावं लागलं. नाक वर, ढुंगण खाली, अशी गाडी उभी. एसटीचा ड्रायव्हर निवांत, तो आम्हाला बघत बघत चाललाय. मागून रंगरावचा आवाज आला, "वैनी, दगड बघू काय चाकाला लावाय?"

ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जास्त दाबू नको. नुसती सोड." त्यानं क्लच सोडत आणला. इंजिनाचा आवाज खाली गेला, आणखी खाली गेला. मला वाटलं, संपलं. आणि मग गाडी बुडातून उठली. झटका नाही, शिंक नाही. नवरीच्या हातातल्या परडीतलं फूलसुद्धा पडलं नाही. वळण घेतलं, पुढचा चढ घेतला. पाटलीणबाई ओरडल्या, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" आणि गाडीतले सगळे ओरडले, मीसुद्धा ओरडलो.

देवळाच्या पायथ्याशी गाडी थांबली. आक्का खाली उतरल्या, रंगरावच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "भावजी, उतरतासा का बसतासा? बसणार असला तर भाडं पडंल."

त्या हसल्या नाहीत. मी मात्र हसलो, आणि मग दगडावर बसून मला रडू आलं. ते मी लपवलं नाही.

नंतर आक्कांची गाडी वर्षानुवर्षं चालली. पोरींची लग्नं झाली, आणि दोघींची वरात त्याच गाडीतून निघाली. मला मात्र काही काळ गावानं वाळीतच टाकलं. माझा हिरवा रंग म्हणजे थट्टेचा विषय झाला. मी ठिपका आणखी मोठा द्यायला लागलो.

तात्या बोलणं सोडून बसले ते बसलेच. पुढच्या हंगामात बिद्रीचे बापूसाहेब बाजारात भेटले. म्हणाले, "तुमचं तात्या आलतं की गुऱ्हाळावर. काय बोललं न्हाईत. इंजिनाशेजारी पोतं टाकून बसलं. जेवायच्या येळंला इंजिन बंद करतो म्हनलं तर करू देईनात. म्हनलं, चालू दे, ऐकू दे." मी भाजी न घेताच घरी आलो.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तात्या एका दुपारी माझ्या दारात उभे राहिले. थकले होते. बाकावर बसले. मी चहा मागवला. गॅरेजात एक गाडी उघडून ठेवली होती, तिच्याकडे बघत म्हणाले, "आक्काची गाडी बघितली. वरातीत. काम बराबर केलंस."

मी त्यांच्यापुढं बशी सरकवली.

"पर इचारायचं हुतंस."

"इचारलं हुतं की, तात्या. तुमच्या दारात उभा राहून इचारलं."

"परत इचारायचं हुतंस. कॅम काढायच्या आदी. माझ्या दारावरनं सायकल गेली तुझी, म्या बघितली."

मी म्हटलं, "परत इचारलं असतं तर व्हय म्हनला असता?"

तात्यांनी बशीतला चहा संपवला. "न्हाय," म्हणाले. "न्हायच म्हनलो असतो."

"मग?"

"मग काय मग? तरी बी इचारायचं असतंय." ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, ज्यानं खजूर द्यायचे तोच जड हात, आणि निघून गेले. तेच आमचं शेवटचं बोलणं.

मी माफी मागितली नाही. मागणारही नाही. ते इंजिन आज माझ्यासमोर आलं तर आजही मी तोच नट फिरवीन, आणि नाही हे ऐकायला दुसऱ्यांदा कोणाच्या दारात जाणार नाही. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं आता स्वतःची गॅरेजं चालवतात. मी बांधलेली इंजिनं त्यांच्याकडे येतात. ती उघडतात, त्यांना पाहिजे ते बदलतात. मला एकही विचारायला येत नाही. त्यांचं बरोबरच आहे, असं मी सगळ्यांना सांगतो, मोठ्यानं सांगतो. आणि ज्या दिवशी माझं एखादं इंजिन उघडल्याचं कानावर येतं, त्या दिवशी बायको ताट वाढते आणि मी म्हणतो, भूक नाही.